गुरुवारचा गुंड

दोहात लोकरीचा काळा ओव्हरकोट बाळगणारे मराठी लोक किती असतील मला माहीत नाही. मी एकटाच असलो तर मला नवल वाटणार नाही. जूनमध्ये इथे सकाळी सातला गाडीचं स्टिअरिंग हाताला चटका देतं. तरी हा कोट मी पूर्ण शुद्धीवर असताना विकत घेतला. मॉलमध्ये सेल होता. आरशासमोर उभा राहिलो, कॉलर वर केली आणि समोर मला लंडनच्या पूर्व भागातला एक धोकादायक इसम दिसला. सरोजला, म्हणजे माझ्या बायकोला, त्याच आरशात एक पोट सुटलेला नाशिककर दिसला आणि तिनं तसं सांगितलंही. हा घालून भाजी आणायला जाऊ नकोस, लोक उचलून इस्पितळात नेतील, एवढीच तिची अट. तेव्हापासून कोट अल मुंतझामधल्या आमच्या फ्लॅटच्या कपाटात आहे आणि एसी अठरावर टाकून, दार लावून मी तो अधूनमधून घालतो.

माझं नाव नंदू. वय एक्कावन्न. हमद पोर्टच्या बाहेर आमच्या कंपनीचं कंटेनरचं यार्ड आहे, तिथे मी प्लॅनर आहे. कुठला कंटेनर कुठल्या रांगेत, कोणाच्या डोक्यावर कोण, हे मी कॉम्प्युटरवर ठरवतो. आयुष्यात मी कोणावर हात उचललेला नाही. हात राहू द्या, आवाजसुद्धा चढवलेला नाही. हॉटेलात बिर्याणी अळणी आली तर मी ती अळणीच खातो आणि वर शुक्रन म्हणतो. लिफ्टमध्ये कोणी माझ्या पायावर पाय दिला तर सॉरी मी म्हणतो. आणि अशा मला वेड कशाचं, तर ब्रिटिश गुंडांच्या सिनेमांचं.

ते लावलं डग्लसनं. डग्लस वसईचा. इथल्या एका हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात आहे आणि आमच्याच बिल्डिंगमध्ये दोन मजले वर राहतो. इथे शुक्रवारी सुट्टी, त्यामुळे गुरुवारची संध्याकाळ आमची हक्काची. साडेपाचला त्याच्याकडे सिनेमा सुरू. त्याची बायको जसिंता केकचे तुकडे ठेवते आणि आतल्या खोलीत निघून जाते, कारण दोन टकले गृहस्थ टीव्हीकडे बघत एकाच वेळी डोळे बारीक करतात हे दृश्य तिला सोसत नाही. गुरुवारी पाप बघायचं आणि शुक्रवारी सकाळी चर्चमध्ये मासला जायचं, असा डग्लसचा नेम आहे. इथे रविवारची भक्तीही शुक्रवारीच उरकते.

त्या सिनेमांत एवढं आहे तरी काय, असं मला पुष्कळांनी विचारलंय. आपल्याकडच्या सिनेमातला गुंड यायचा म्हणजे आधी वारा सुटतो, मग संगीत वाजतं, मग तो येतो. अमेरिकन गुंडाचं सगळंच थोर. घर मोठं, गाडी मोठी, जेवायला बसलेलं खानदान मोठं. इंग्रज गुंड मात्र आपल्यातला वाटतो. त्याच्या घरात झिजलेला गालिचा असतो, त्याचा गुडघा दुखत असतो, आई त्याला मफलर गुंडाळ म्हणते आणि तो गुंडाळतो. ज्याचे दात पाडायचे आहेत त्याच्याही घरच्यांची तो आधी चौकशी करतो. मी पुण्यात चार वर्षं पेइंग गेस्ट होतो. माणसाला अहोजाहो करत मातीत कसं घालावं हे मी फार जवळून पाहिलंय, त्यामुळे तो गुंड मला पहिल्या दिवसापासून ओळखीचा वाटला.

आणि त्यांचे ते बेत! सहा जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाला एकेक काम वाटून दिलं जातं, आणि सगळं फिसकटतं ते एका गाढवामुळे, ज्यानं गाडीत पेट्रोलच भरलेलं नसतं. आमचं ऑफिस याहून वेगळं चालत नाही. शिवाय तिथले रस्ते कायम ओले असतात. अठरा वर्षं ज्यानं खिडकीवरची धूळ पुसली आहे त्यालाच ओल्या रस्त्याचं सुख कळेल.

पण मी खरा पाघळलो तो त्यांच्या कायद्यावर. त्यांचा कायदा एकच, कोणाचं नाव सांगायचं नाही. पोलिसांनी खुर्चीला बांधलं तरी नाही, बोटं मोडली तरी नाही. एखाद्यानं तोंड उघडलं की डग्लस सोफ्यावरून 'छी' म्हणतो आणि मी मान हलवतो. आता माझं असं, की मी जन्मभर गप्पच बसत आलोय. शाळेत बसलो, सासरी बसलो, मीटिंगमध्ये तर बसतोच. याला आमच्या घरी सरळ भित्रेपणा म्हणत. या सिनेमांनी त्याच भित्रेपणाला एक भारदस्त नाव दिलं. मीटिंगमध्ये मूग गिळून बसलो की मला वाटू लागलं, आपण घाबरलो नाही, आपण पोचलेले आहोत. आमची ओवी बारावीत आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. एकदा मी डोळे बारीक करून, एकही शब्द न बोलता, तिला मोबाईल खाली ठेवायची खूण केली. ती म्हणाली, "बाबा, आर युअर आईज ओके?"

तर जूनमधला एक गुरुवार. त्या दिवशी यार्डात साठेक कंटेनर आले आणि त्यात एक रीफर होता. रीफर म्हणजे चाळीस फुटी फ्रीज. त्याला विजेच्या प्लगाच्या रांगेतच ठेवावं लागतं, नाहीतर आतला माल खलास. कधीकधी असा कंटेनर फ्रीज बंद ठेवून साध्या मालासाठीही वापरतात, मग तो कुठेही ठेवला तरी चालतो. या रीफरमध्ये गोठवलेले पराठे होते आणि घाईत मी त्याला साध्या रांगेत टाकून दिलं.

अशा चुका प्लॅनरकडून होतात, म्हणून तर यार्डात चेकर असतो. आमचा चेकर विजयकुमार. नागरकोइलकडचा, माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठा, बावीस वर्षं याच कंपनीत. डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटखाली ओला रुमाल, आणि नजर अशी की कंटेनरच्या दाराला पडलेला पोचा त्याला वीस पावलांवरून दिसतो. त्याला रीफर चुकीच्या रांगेत दिसला. त्यानं मला फोन केला. चार वाजून गेले होते आणि मी लिफ्टपाशी पोचलो होतो. साब, हा रीफर बिनप्लगच्या रांगेत लिहिलाय, दारावर उणे अठराची चिठ्ठी आहे, ती जुनी की आत्ताची, फ्रीज चालू आहे की बंद, असं त्यानं विचारलं. कागद माझ्या टेबलावर, टेबल पन्नास पावलांवर. तिकडे डग्लसनं त्या दिवशी खास शोधून नवा सिनेमा आणलेला.

मी म्हणालो, "बंद है. रखो."

आणि लाज वाटते म्हणूनच हेही सांगून टाकतो. ते शब्द मी मुद्दाम खालच्या आवाजात, तोडून तोडून म्हटले होते. मला माझा तो आवाज फार आवडला. लिफ्टच्या आरशात बघून मी स्वतःलाच मान डोलावली.

अशी शंका आली की चेकरनं ती मेसेजवर लेखी विचारावी, असा नियम आहे. पण अठरा वर्षं विजयकुमार माझ्या शब्दावर कंटेनर हलवत आला होता. त्यानं लेखी विचारलं नाही. रीफर उन्हात ठेवला.

शनिवारी संध्याकाळी वॉचमनला त्याच्या दाराखालून पाणी गळताना दिसलं. रविवारी सकाळी आम्ही दार उघडलं तेव्हा खोकी फुगून एकमेकांना चिकटली होती आणि आत चाळीस फूट लांबीचा एकच पराठा झाला होता. क्रेनवाला चांगला उमेदीतला माणूस, पण वासानं तोही चार पावलं मागे सरकला.

आमचे मॅनेजर इंग्रज आहेत. याचं मला सुरुवातीला केवढं अप्रूप! लंडनजवळचेच, बोलणं हळू. पहिल्याच आठवड्यात मी मोठ्या आशेनं त्यांना त्या सिनेमांबद्दल विचारलं होतं. ते म्हणाले, नाही बुवा, मी असलं काही बघत नाही, मला पक्षी बघायला आवडतात. सुट्टीत ते दुर्बीण घेऊन अल खोरकडच्या खारफुटीत फ्लेमिंगो मोजत बसतात. तर त्या रविवारी त्यांनी मला आणि विजयकुमारला केबिनमध्ये बोलावलं. दारावरच्या चिठ्ठीत उणे अठरा लिहिलेलं दिसत असताना रीफर साध्या रांगेत का ठेवला, आणि ठेवण्याआधी कोणाला विचारलं का, असा त्यांचा सरळ प्रश्न होता.

विजयकुमारनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, सेकंदभर. मी टेबलावरच्या स्टेपलरकडे पाहत राहिलो. मग तो म्हणाला, आठवत नाही सर. साहेबांनी मला विचारलं. मी म्हणालो की रांग टाकताना माझ्याकडून टायपिंगची चूक झाली असावी. फोनचं मी बोललो नाही.

टायपिंगच्या चुकीला कोणी घरी पाठवत नाही. उणे अठरा वाचून रीफर उन्हात ठेवणाऱ्याला पाठवतात. चौकशी होईपर्यंत विजयकुमारनं यार्डात यायचं नाही, निर्णय पुढच्या रविवारी, असं ठरलं. निर्णय काय असतो ते इथे सगळ्यांना ठाऊक असतं. नोकरी गेली की या वयात दुसरी कोण देणार, आणि नोकरी नाही तर मुक्कामही नाही. त्याची धाकटी मुलगी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती, हेही मला ठाऊक होतं, कारण तिला प्रवेश मिळाला तेव्हा त्यानं आणलेला हलवा मी दोनदा घेतला होता.

पण मी फोनचं सांगितलं असतं तर विमानात मी बसलो असतो. ओवीचं बारावीचं वर्ष. मी घाबरलो होतो, इतकंच त्यातलं खरं. मात्र ते तसं कबूल करण्याऐवजी मी काय करावं? सोमवारी ऑफिसातून आलो, एसी अठरावर टाकला आणि कोट घालून पलंगावर बसलो. स्वतःला म्हटलं, नंदू, बोलायचं नाही हाच कायदा आहे. तू कायदा पाळलास. मंगळवारीही असंच बसलो. सरोजनं दार ढकलून पाहिलं, काय झालं म्हणून विचारलं. मी म्हटलं, ऑफिसचं. ती माझ्याकडे आणि कोटाकडे बघून दार लावून गेली.

गुरुवारी डग्लसकडे गेलो तेव्हा माझ्या मनात काय होतं ते सांगितलं तर वाचणारा मला जोड्यानं मारेल. मला शाबासकी हवी होती. सिनेमा रंगात आला होता. पडद्यावर एकाला खुर्चीला बांधलं होतं आणि तो नाव सांगत नव्हता. मला राहवलं नाही. मी डग्लसला सगळी हकीकत सांगितली. फोन, पराठे, साहेबांची केबिन. आणि शेवटी म्हणालो, पण मी तोंड उघडलं नाही.

डग्लसनं सिनेमा थांबवला. इतक्या वर्षांत त्यानं तो मध्ये कधी थांबवला नव्हता, जसिंता एकदा घसरून पडली होती तेव्हासुद्धा.

"नंदू," तो म्हणाला, "तो बघ, खुर्चीत कोण बसलाय?"

मी पाहिलं.

"गप्प बसणारा तोच, आणि मार खाणाराही तोच. म्हणून तर आपण बघतो ना रे त्याच्याकडे. तुझ्या गोष्टीत खुर्चीत विजयकुमार आहे. तुझं नाव तो लपवतोय. मग तू कोण आहेस त्यात?"

मी म्हटलं, ओवीचं बारावीचं वर्ष आहे. तो म्हणाला, माहीत आहे. तू कॅथलिक असतास तर तुला उद्या सकाळी फादरसमोर गुडघ्यावर बसवलं असतं आणि मोकळा झालो असतो, आता तुझं तूच काय ते बघ. सिनेमा त्यानं पुन्हा सुरू केला नाही. केकचा तुकडा हातात धरून मी दोन मजले उतरलो.

त्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या जागी मी स्वतःला किती वेळा पाहिलं होतं! शंभर सिनेमे पाहिले असतील आणि शंभर वेळा तो माणूस मीच होतो. माझ्याच यार्डात, हेल्मेटखाली ओला रुमाल बांधून तो माणूस रोज माझ्यासमोर उभा होता आणि मी त्याला ओळखलं नाही. मला स्वतःची मनापासून शिसारी आली.

शुक्रवारी सकाळी सरोजला सांगितलं. मला वाटलं ती रडेल, निदान ओरडेल तरी. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली. मग तिनं विचारलं, रविवारी कितीला निघणार? मी म्हटलं, सहाला, साहेब सातला येतात. मग डबा लवकर करते, असं म्हणून ती आत गेली. सिंकपाशी बराच वेळ नळ चालू होता.

दोन दिवस मी भाषण बसवलं. शांतपणे केबिनमध्ये शिरायचं, न सांगता खुर्चीत बसायचं, थोडं थांबायचं, मग एकेक वाक्य. रविवारी सात वाजता साहेबांच्या दारावर टकटक केली आणि आत जाता जाता त्यांना दोनदा सॉरी म्हणालो. खुर्चीत बसायला सांगितलं तरी मला बसता येईना. पहिलं वाक्य इंग्रजीत सुरू झालं, मध्येच हिंदीत गेलं आणि शेवटी मी साहेबांना चक्क मराठीत म्हणालो, चूक माझी आहे. मग पुन्हा इंग्रजीत येऊन फोनचं सांगितलं, वेळ सांगितली, लिफ्ट सांगितली, टेबल पन्नास पावलांवर होतं हेही सांगितलं. सिनेमाचंही सांगून टाकलं, ज्याची काही गरज नव्हती.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि लिहून काढलं. मग त्यांनी एकच विचारलं, हे गेल्या रविवारी का सांगितलं नाहीस? मी म्हणालो, घाबरलो होतो. ते म्हणाले, हं. इतक्या हळू आवाजाची इतकी भीती मला आजवर कुठल्याच सिनेमात वाटली नव्हती. त्यांनी मला घरी पाठवलं नाही. लेखी ताकीद दिली, प्लॅनिंगचं काम काढून घेतलं आणि तीन महिने यार्डात चेकर म्हणून नेमलं, विजयकुमारच्या हाताखाली. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. पक्षी बघणारे लोक दयाळू असतात अशी माझी एक समजूत होती, ती त्या दिवशी अर्धी खरी निघाली.

सोमवारी विजयकुमार परत आला. त्यानं मला हेल्मेट दिलं, रुमाल ओला करून आत कसा घालायचा ते दाखवलं. दहा वाजेपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. विश्रांतीच्या शेडमध्ये आम्ही दोघंच होतो. मी माफी मागितली. मग मी विचारलं, साहेबांनी विचारलं तेव्हा माझं नाव का नाही घेतलं?

तो त्याच्या त्या हिंदीत म्हणाला, "आपका बात था साब. आप बोलना था. संडे को मैं सोचा, बाहर आके आप बोलेगा. मंडे सोचा, आज बोलेगा. ट्यूसडे सोचा. गुरुवार को मैं बगल का रूम में जाके उमैर को मेरा कुकर दे दिया. क्या करेगा, इतना वजन प्लेन में कौन लेके जाएगा."

त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी म्हणालो, मग आता तो परत घे ना. त्यानं रुमाल पिळला आणि मान हलवली. दिलेली वस्तू परत मागायची त्याला लाज वाटत होती.

त्या संध्याकाळी मी इंडस्ट्रियल एरियात त्याच्या बिल्डिंगवर गेलो. विजयकुमार अजून यार्डातच होता. उमैरची खोली शोधली, दार वाजवलं. तिशीतला एक जण बनियनवर बाहेर आला. आतून फोडणीचा वास येत होता. मी म्हणालो, विजयकुमारनं तुम्हाला कुकर दिलाय, तो परत हवाय, तो आता जात नाहीये. उमैरचा चेहरा एकदम खुलला. चाचा जात नाहीत? अल्हमदुलिल्लाह, म्हणाला. मग मला वरपासून खालपर्यंत पाहत त्यानं विचारलं, आप कौन?

प्लॅनर म्हणता आलं असतं, पण तो तर मी राहिलो नव्हतो. दोस्त म्हणायची छाती नव्हती.

मी म्हणालो, "जिसकी वजह से दिया था, वो."

तो आत गेला. कुकर रिकामा करून, घासून, पुसून आणला. शिट्टी आत ठेवली आहे, म्हणाला. त्या बिल्डिंगमध्ये दारात आलेल्या माणसाला आत बोलावून चहा पाजल्याशिवाय कोणी सोडत नाही, हे मी अठरा वर्षं ऐकत आलो होतो. त्यानं कुकर माझ्या हातात दिला आणि दार लावून घेतलं.